नट किती आवळायचा

आबा,

आपल्या पंक्चरच्या दुकानात आता चाकांचे नट सोडवायची, बॅटरीवर चालणारी गन आली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मांडीवर होती त्या तुमच्या नातीनं ती मोबाईलवरून मागवली. ती आता चाकणला कंपनीत आहे आणि सुट्टीला घरी आली की माझ्या हालचाली बघत बसते. मला माझी वेणी नीट घालता येत नाही हे पहिल्यांदा तिनंच हेरलं. माझा उजवा खांदा आखडला आहे, हात कानाच्या वर जात नाही. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो काढले, भिंतीला बोटं लावून करायचे व्यायाम शिकवले आणि जोर लावायची कामं बंद करा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, माझं कामच जोर लावायचं आहे. ते म्हणाले, मग काम बंद करा. घरी आल्यावर तुमच्या चिरंजिवांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं, "दिवाळीपातुर बघू, न्हाईतर गाळा भाड्यानं देऊन टाकू. मोबाईलवाला इचारतोय." माझ्या काळजीनंच म्हणत होते, मनानं चांगलेच आहेत ते. पण पुढचे कितीतरी दिवस शटर वर करताना मी त्याच्याकडे निरोपाला आलेल्या पाहुण्यासारखी बघत होते.

मग लेकीनं ही गन पाठवली. ड्रिल मशीनसारखी दिसते, मुठीच्या खाली बॅटरी, पुढे नट पकडायच्या आपल्या नेहमीच्याच गोट्या बसतात. वायर नाही, हवेची नळी नाही, कॉम्प्रेसर सुरू करायचा नाही. नटावर गोटी बसवायची आणि बोटानं घोडा दाबायचा. आत काहीतरी भराभर ठोकल्यासारखा आवाज होतो आणि नट सुटून गोटीत येतो. पहिला नट सुटला तेव्हा मी चाकाकडे तशीच बघत राहिले, मला वाटलं अजून सुटायचा आहे. शेजारचा रसवंतीवाला धावत आला. टेम्पो घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमच्या दाताच्या डॉक्टरकडं असंच यंत्र हाय, फकस्त आवाज बारीक हाय." त्या दिवशी मी गरज नसलेले नटसुद्धा काढून परत लावले. खांद्याला हिसका नाही, जोर वाढवायला पान्याला पाईप अडकवणं नाही, दात ओठ खाणं नाही. संध्याकाळी घरी जाऊन मी तुमच्या चिरंजिवांना म्हटलं, आता सांगा मोबाईलवाल्याला, दुसरीकडं बघ म्हणावं.

तुम्ही असता तर गनकडे थेट बघितलं नसतं हे मला माहीत आहे. तुम्ही ती उलटी करून बघितली असती, वजन जोखलं असतं आणि भिंतीला सांगितलं असतं की यंत्राला काय कळतंय. भिंतीलाच, कारण माझ्याशी तुम्ही बोलत नव्हता. आपल्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही आणि सून सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, हे मी राजुरीहून शिकूनच आले होते. पण आपल्या घरची तऱ्हा वेगळी होती. तुम्हाला चहा हवा असला की तुम्ही पडवीतल्या मांजराला विचारायचात, "झाला का गं च्या?" मांजर जागचं हलायचं नाही, मी कप आणून ठेवायचे आणि तुम्ही मांजराकडे बघून मान डोलवायचात. माहेरी गेले की मी ही नक्कल करून दाखवायचे आणि माझ्या बहिणी हसून लोळायच्या. तुम्हाला हे कधी कळलं नाही, म्हणजे कळलं नसावं असं मी धरून चालते.

दुकानात मी आले तीही तशीच, ठरवून नाही. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, हाताखालचा माणूस भोसरीच्या कंपनीत निघून गेला होता आणि तुमचे चिरंजीव तेव्हा ट्रकवर, आठ आठ दिवस घराबाहेर. मी दुपारचा डबा घेऊन यायचे, फळीवर ठेवायचे आणि माघारी जायचे. त्या दिवशी एक जीप उभी होती. मागचं चाक बसलं होतं, ड्रायव्हरची घाई चालली होती, आणि तुम्ही पाना लावून वाकलात आणि पोट धरून तसेच खाली बसलात. मी डबा ठेवला आणि तुमच्या हातातला पाना घेतला. तुम्ही उठून दुकानाच्या कडेला गेलात, माझ्याकडे पाठ केलीत आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणालात, "पाना नटात पुरता बसल्याबिगर मानसानं जोर लावू नये." मी पाना नीट बसवला. जोर लावला, काही हललं नाही. तुमची पाठ म्हणाली, "ज्याच्या अंगात ताकद नसंल त्यानं वजन द्यावं. दांडा आडवा धरावा आन वर हुबं ऱ्हावं." मी जीपचं टप धरलं, साडी जरा वर खोचली आणि पान्याच्या दांड्यावर चढून उभी राहिले. आधी काहीच नाही. मग एकदा अंग झुलवलं आणि पायाखाली टक्क झालं. तुम्ही मान न वळवता रस्त्याला सांगितलंत, "सुटला."

आज लिहिताना हसू येतं. त्या वेळी मात्र सासऱ्यासमोर सून पोटऱ्या दिसतील अशी साडी खोचून लोखंडावर चढली, हे आत्याबाईंसारख्या सासूला कळल्यावर काय होईल याचीच मला धास्ती. आणि कळायचं ते कळलंच. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सुनंला पंक्चर काढाया लावता? लोक काय म्हनतील?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत होता. तुम्ही त्या भाकरीलाच म्हणालात, "टायरात हवा नसली की लोक कायबी म्हनत न्हाईत." आत्याबाई पुटपुटत राहिल्या, पण दुसऱ्या दिवशी डबा दोघांचा भरला होता. तोही त्यांनीच भरला होता, हे मी त्यांच्या नावावर जमा करते.

तुम्ही मला सगळं शिकवलंत ते पाठमोरं. ट्यूबला ठिगळ लावायच्या आधी किती घासायचं ते तुम्ही हौदातल्या पाण्याला सांगितलंत. जॅक मुरमावर लावायचा नाही, खाली फळी घ्यायची, हे समोरच्या चिंचेला. तुमचा चेहरा मला आता फोटोतलाच आठवतो, हार घातलेला आणि जरा रागावलेला, पण तुमची पाठ मी अंधारात ओळखीन. बनियनला उजव्या खांद्यावर भोक होतं आणि घाम आला की ते भोक आधी भिजायचं. मला त्या वेळी वाटायचं की या माणसाला मी सून म्हणून पटलेय की नाही, दुकानातली अडचण म्हणून चालवून घेतायत की काय. विचारणार कुणाला? मांजराला विचारायची माझी तयारी नव्हती.

मग तो कांद्याचा ट्रक आला. मंचरच्या मार्केट यार्डाला निघालेला, गच्च भरलेला, डावीकडचं मागचं चाक फुटलेलं. तुम्ही हौदावर ट्यूब धरून बसला होता. मी पाना लावला, पाईप अडकवला, वर उभी राहिले. हलेना. झुलून बघितलं, हलेना. मी पाईप आणखी पुढे ओढला, ड्रायव्हरला म्हटलं, तुमीबी पाय द्या. आम्ही दोघं मिळून त्या नटावर नाचायच्या बेतात होतो तेवढ्यात तुमचा आवाज आला, "अगं, डावी बाजू हाय ती. बोल्ट तोडतीस का?"

ड्रायव्हरला त्यात काही वावगं वाटलं नसेल. मी मात्र पाईप सोडून तुमच्याकडे बघत राहिले, आणि तुम्हीही माझ्याकडेच बघत होता, सरळ डोळ्यांत, ओल्या हातांनी, चिडून. आपल्या घरात "अगं" तुम्ही दोघींनाच म्हणायचात, आत्याबाईंना आणि दिवाळीला माहेरी आलेल्या तुमच्या लेकीला. तुम्ही उठून जवळ आलात आणि मधे कशालाही न घेता मला समजावलंत. जुन्या ट्रकच्या डाव्या अंगाच्या चाकांचे आटे उलटे असतात. "चाक पुढं पळतं तसा नट सुटायच्या अंगाला वढ खातो, म्हून कंपनीनं डावीकडं उलटे आटे दिलेत. सगळीकडं जिकडं फिरवल्यावर सुटतं, तिकडं फिरवलं की हितं आवळतं. समजलं का?" मी मान हलवली. "तोंडानं सांग," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, समजलं आबा. तुमच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन मलाच विचारलंत, "च्या झाला का गं?" आत्याबाईंनी हातातलं लाटणं थांबवून तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत लाटायला लागल्या. माझ्या आईबापांनीही मला कामावरून बोललेलं आहे, पण ते बोलणं मला कधी असं गोड लागलं नव्हतं.

मला दिवस गेल्यावर तुम्ही दुकानाची पायरी चढू दिली नाहीत. बाळंतपण उरकून, तान्ही लेक आत्याबाईंकडे ठेवून मी परत आले तेव्हा खुंटीवर एक नवा पाना होता. दांडा लांब, आणि टोकाला वेल्डिंग करून बसवलेली चपटी पट्टी, पाय ठेवायला. चप्पल घसरू नये म्हणून पट्टीवर जुन्या टायरचं रबर तुम्हीच तारेनं बांधलं होतं. खुंटी पण खाली आणली होती, माझ्या हाताला येईल अशी. तुमच्या चिरंजिवांनी विचारलं, हा कुणासाठी? तुम्ही म्हणालात, "ज्याचा पाय ल्हान त्याच्यासाठी." लग्नात मला तुमच्याकडून पैठणी मिळाली होती, ती कपाटात आहे. तो पाना मी इतका वापरला की रबर चार वेळा बदललं.

पण सोडवण्यापेक्षा आवळण्यावर तुमचा जास्त कटाक्ष होता. आवळताना पाईप वापरायचा नाही, पान्यावर चढायचं नाही, हा तुमचा कायदा. ज्या गाडीचा नट, त्याच गाडीतला पाना मागून घ्यायचात आणि त्यानंच शेवटचा पीळ द्यायचात. कुणी ड्रायव्हर म्हणाला की आबा, अजून जरा वढा, तर तुम्ही विचारायचात, "रस्त्यात सोडवाया मी येनार हाय का? तुझ्या हातानं सुटंल एवढंच आवळलंय." मग थोडं अंतर गेल्यावर थांबून परत एकदा तपासून घे म्हणून बजावायचात. मला तो तुमचा हेका वाटायचा. इतक्या वेळा ऐकलं की ऐकू येईनासं झालं.

तुम्ही गेलात, तेराव्यानंतर मी शटर वर केलं. लोक म्हणाले, सुनेनं सासऱ्याचं नाव राखलं. महिला दिनाला मला शाल-नारळ दिला, एका बाईंनी माईकवर सांगितलं की सासऱ्यासाठी इतका त्याग करणारी सून आजच्या जगात मिळणार नाही. मी खाली मान घालून बसले होते. पुढे बायपास झाला, मोठ्या गाड्या तिकडून जायला लागल्या, आणि आपल्या जुन्या रस्त्याला गावच्या गाड्या तेवढ्या राहिल्या. पिकअप, ट्रॅक्टर आणि छोट्या कारी. त्यातल्या किती कारी बायका चालवतात ते बघायला तुम्ही हवे होता. त्यांतल्याच एक राजुरीच्या मॅडम. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या, पेठ गावच्या बाजूच्या शाळेत शिकवतात, रोज एवढं अंतर छोट्या गाडीनं येतात-जातात. त्या मला ताई म्हणतात आणि माहेरच्या बातम्या पुरवतात.

गन आल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या पुढच्या चाकाचं पंक्चर काढून गेल्या. मी गननंच नट काढले आणि गननंच लावले. आधी एका पिकअपचं काम केलं होतं, गन सगळ्यात जोराच्या आकड्यावर होती, मी तो बदलला नाही. नट बसला तरी मी घोडा दाबूनच होते, कारण तो आवाज चालू असला की काम पक्कं होतंय असं वाटतं. खांदा दुखत नव्हता त्याचाच मला आनंद. मॅडम म्हणाल्या, "ताई, लई झ्याक मशीन हाय." मी म्हटलं, मग.

तेच चाक मागच्या महिन्यात बसलं, नारायणगावच्या अलीकडे, आतल्या रस्त्याला. दोन्ही बाजूंनी ऊस. दिवस कलायला आला होता. बरोबर त्यांची लहान मुलगी. त्या वाटेला नुकताच बिबट्या दिसलेला, म्हणून मुलीला गाडीत बसवून काचा लावून घेतल्या आणि त्या पाना लावायला उतरल्या. एकही नट हलेना. मोटारसायकलवरचे दोघं थांबले, त्यांनी बघितलं, जॅक लावून गाडी उचलली, मग तर चाकच फिरायला लागलं. एका नटाचे कोपरे त्यांनी घासून ठेवले. शेवटी मॅडमनी मला फोन केला. तुमचे चिरंजीव पिकअप घेऊन बाहेर होते. मी गन डिकीत टाकली, एक पाईप स्कूटीला बांधला आणि निघाले. तुम्ही दिलेला पाना ट्रकच्या नटाचा, तिथे त्याचा उपयोग नव्हता.

पोचले तेव्हा त्या दोघांनी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावली होती, जनावर जवळ येऊ नये म्हणून. काचेला नाक लावून पोरगी बाहेर बघत होती. मी आधी जॅक उतरवून चाक जमिनीला टेकवलं. कोपरे गेलेल्या नटावर गन लावली, तो सुटला. दुसऱ्यावर लावली तर नुसती घरघरली आणि गप्प झाली. सकाळपासून लाईट नव्हती, बॅटरी भरायची राहिली होती, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघांतला एक म्हणाला, "ताई, आमी दोघांनी जीव काढला, तुमच्यानं काय व्हतंय? क्रेनवाल्याला बोलवा." मी गाडीतला पाना लावला, दांडा डाव्या अंगाला आडवा ठेवला, पुढे पाईप सरकवला, गाडीचं छत डाव्या हातानं धरलं आणि वर चढले. आता माझं वजन तेव्हासारखं राहिलेलं नाही, त्याचा तेवढा फायदा झाला. एकेक नट टक्क करून सुटला. दर वेळी ते दोघं "आयला" म्हणत होते.

चाक काढून स्टेपनी चढवताना मॅडमनी विचारलं, "ताई, एवढं घट्ट कुनी केलं व्हतं?" त्यांनी सहज विचारलं होतं. त्यांना वाटलं मधे कुणा दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल आणि आपणच विसरलो असू. मी म्हटलं, "मीच. त्या मशीननं." त्या मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला लई भ्या वाटलं व्हतं ताई. पोरीला दाखवता येईना म्हून हसत व्हते." त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी गाडीतला तो छोटा पाना त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आता आवळा तुम्हीच. त्या म्हणाल्या, "मला जमतंय व्हय?" मी म्हटलं, तुमच्या हातानं जेवढं आवळंल तेवढं तुमच्याच हातानं सुटंल. त्यांनी आवळले. समोरासमोरचे दोन, मग उरलेले, मी सांगीन तसे. शेवटी मी पाना लावून बघितला. अगदी बेताचं होतं आबा, तुम्ही हात लावून बघितला असता आणि पुढे गेला असता.

घरी येऊन मी सगळं तुमच्या चिरंजिवांना सांगितलं. दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. ते जेवण सोडून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खांदा गेला, आता मशीनचाबी भरवसा न्हाई. उद्या कुनाला काय झालं म्हंजे? बास कर आता." लेक फोनवर म्हणाली, मम्मी, त्या गनवर आकडा कमी करायची सोय आहे, मी तुला दाखवली होती. दाखवली होती खरी. मी दोन दिवस शटर वर केलं नाही. मला वाटायला लागलं, बरोबर म्हणताहेत ते, ज्या हाताला आता अंदाज राहिला नाही त्यानं लोकांच्या चाकाला हात लावू नये. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना मला माझाच राग आला. अंदाज गेला नव्हता, मी तो वापरलाच नव्हता. मी भाजी तशीच टाकून उठले.

आता माझी पद्धत अशी आहे. काढायला गन, लावायला गाडीच्या मालकाचा हात. मी चाक चढवते, नट बोटांनी बसवते आणि पाना त्यांच्याकडे देते. काहीजण कुरकुरतात. "काम तुमचं का आमचं?" एकानं विचारलं. मी म्हटलं, रस्त्यात तुमचंच हाय, भाऊ. बायका मात्र कुरकुरत नाहीत. मॅडम परवा शाळेतल्या दोघी मैत्रिणींना घेऊन आल्या, पंक्चर वगैरे काही नव्हतं, नुसतं शिकायला. तिघी आळीपाळीनं पान्यावर चढून नट सोडत होत्या आणि मी कडेला उभी राहून त्यांच्याकडे बघून, तोंडानं, सगळं सांगत होते. रसवंतीवाल्यानं आपणहून खुर्च्या आणून टाकल्या. या कामाला जोर लागत नाही, खांदा ठणकत नाही. दुकान असं चालवता येईल. बरीच वर्षं चालवता येईल.

आता राहिलेलं सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले. तुमचे चिरंजीव दुकान बंद करायचं बोलले की मी एकच सांगते, "आबांचं दुकान हाय, माझ्याच्यानं बंद व्हनार न्हाई." ते लगेच गप्प होतात. डोळे पुसतात कधीकधी. लेक गप्प होते, शेजारीपाजारी हात जोडतात. पण आबा, तुमच्यासाठी मी ते फार तर पहिलं वर्ष चालवलं असेल. त्यानंतर माझ्याचसाठी. मला सकाळी शटर वर करायला आवडतं. रबराचा वास आवडतो, हात काळे झालेले आवडतात. अडून बसलेला नट पहिल्यांदा हलतो तेव्हा तळपायाला जे कळतं ते मला कुठल्याच सणाला कळलेलं नाही. घरात मला करमत नाही, कधीच करमलं नाही. आणि हे म्हणायची सोय नाही. बाईनं सासऱ्याच्या नावासाठी खांदा झिजवला तर शाल मिळते. हौसेसाठी झिजवला तर म्हणतील, मग बस की घरात.

म्हणून हे पत्र मी कुणाच्या नजरेला पडू देणार नाही. दिवाळी तोंडावर आली आहे आणि मोबाईलवाला काल पुन्हा येऊन गेला. आज जेवताना विषय निघणार, आणि मी तुमचंच नाव पुढे करणार आहे. तेवढं सांभाळून घ्या.